तिसऱ्या गटाची नळी

"उकळलेली लाळ सर्वांत लवकर काम करते." तिसऱ्या गटाच्या प्रयोगवहीत निष्कर्षाच्या जागी हे वाक्य होतं आणि त्यावर मी लाल शाईने मारलेली फुली. फुलीशेजारी लिहिलं होतं, "पुस्तक पाहा." या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक माझ्या त्या दोन शब्दांत आहे. पण ते कळायला एक मधली सुट्टी जावी लागली.

निफाडच्या बाजूचं गाव, नववीचा वर्ग, डिसेंबरची सकाळ. या दिवसांत आमच्याकडे पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतात, घडांना थंडी बाधू नये म्हणून. अर्धी मुलं धुराचा वास घेऊनच वर्गात येतात. प्रयोगशाळेतल्या नळाचं पाणी हातावर घेतलं की बोटं बधिर होतात. हे हवामानाचं वर्णन उगाच नाही, पुढे या थंडीचा संबंध आहे.

प्रयोग शाळेशाळेत होतो तोच. लाळेतलं टायलिन, म्हणजे लाळेतलं अमायलेज, हे विकर (एन्झाइम) स्टार्चचे तुकडे करून माल्टोज नावाची साखर बनवतं. स्टार्च आहे तोवर आयोडीन टाकलं की गडद निळा, जवळजवळ काळा रंग येतो. स्टार्च संपला की आयोडीन आपल्या मूळ पिवळट रंगावर राहतं. म्हणून आपण विकराकडे थेट पाहत नाही, निळा रंग जातो का एवढंच पाहतो. "एवढंच" हा शब्द मी आता जपून वापरते.

खरी अडचण रसायनांची नव्हतीच, ती उष्ट्याची होती. लाळ जमवायची म्हटल्यावर वर्गात जी कुजबुज आणि खिदळणं सुरू झालं, ते आवरायला दहा मिनिटं गेली. शेवटी नियम केला : ज्याची लाळ त्याचीच नळी, दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही, आणि शेवटी नळ्या धुवायच्या त्याही ज्याच्या त्यानेच. आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची, कारण सकाळच्या चहाबिस्किटाचा स्टार्च दातांत अडकलेला असतो. मग घोटभर कोमट पाणी मिनिटभर तोंडात घोळवून वाटीत घ्यायचं आणि कापसातून गाळायचं. स्टार्चसाठी चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून, उकळून, पातळ करून मी आदल्या दिवशीच ठेवलं होतं. कपड्यांना घालायची खळ असते तसं, पण कितीतरी पातळ.

प्रत्येक गटाला चार नळ्या. पहिलीत स्टार्च आणि नुसतं पाणी. दुसरीत स्टार्च आणि लाळ, ही कोमट पाण्यात, 37 अंशांच्या आसपास. तिसरीत स्टार्च आणि उकळून घेतलेली लाळ. चौथीत स्टार्च आणि लाळ, पण बर्फात. दहा मिनिटांनी सगळ्यांत आयोडीनचे दोन-दोन थेंब.

निकाल काय यायला हवा हे मला पाठ होतं. पहिली निळी, दुसरी पिवळट, तिसरी निळी, चौथी निळी. चार गटांचं असंच आलं. पाचव्या गटाने उत्साहात लिंबाची एक जास्तीची नळी केली होती, तिच्याकडे नंतर येते. आणि तिसऱ्या गटाची उकळलेल्या लाळेची नळी पिवळट निघाली. नुसती पिवळट नाही, आयोडीनचा थेंब पडला तेव्हा निळा रंग क्षणभरही दिसला नाही. त्यांच्या जिवंत लाळेच्या नळीत फिकट निळसर झाक तरी उरली होती. मुलांनी दोन्ही नळ्या शेजारी धरल्या आणि डोळ्यांना दिसलं ते लिहिलं.

मी फुली मारली. तास संपायला पाच मिनिटं होती. मी म्हटलं, "काहीतरी सरमिसळ झाली असेल, फळ्यावरचं उतरवून घ्या." असं प्रत्येक प्रयोगाच्या तासाला कुठे ना कुठे, कोणी ना कोणी म्हणतंच. मुलं उतरवून घेतात. प्रयोगवह्या सगळ्यांच्या सारख्या दिसतात आणि तपासायलाही सोप्या जातात.

मधल्या सुट्टीत त्या गटातली एक मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात नळी.

"बाई, ही परत निळी झाली."

नळी खिडकीतल्या स्टँडवर राहिली होती. बाहेरचं वारं लागत होतं. आतलं पाणी गार पडलं होतं आणि रंग दौतीतल्या शाईसारखा गडद झाला होता.

माझा पहिला संशय मुलांवरच गेला, हे कबूल करते. कुणीतरी गंमत म्हणून आणखी आयोडीन टाकलं असणार. विचारलं, दटावून विचारलं. कुणी टाकलं नव्हतं. मग मी एक प्रश्न विचारला, जो सकाळीच विचारायला हवा होता : "तुम्ही थेंब टाकलात तेव्हा नळी कुठे होती?"

"पातेल्यातच होती, बाई. उकळत्या पाण्यात."

बाकीच्या गटांनी लाळ उकळली, नळी बाहेर काढून गार केली, मग तीत स्टार्च घातला. तिसऱ्या गटाला उशीर झाला होता. त्यांनी उकळलेल्या लाळेतच स्टार्च ओतला, नळी तशीच उकळत्या पाण्यात ठेवली आणि तिथल्या तिथे आयोडीन टाकलं. कृतीत मी "गार करा" असं लिहिलेलं नव्हतं. चार गटांनी नळी गार केली ती केवळ हाताला चटका बसत होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी आम्ही लाळ बाजूला ठेवली. नळीत फक्त स्टार्चचं पाणी आणि आयोडीन. गडद निळं. ती नळी उकळत्या पाण्यात धरली. रंग फिका होत होत पार गेला, पाणी जवळजवळ स्वच्छ. मग तीच नळी नळाच्या त्या बर्फासारख्या पाण्यात बुडवली आणि निळा रंग खालून वर चढत परत आला. वर्गातून जो आवाज उठला तो मला गेल्या कित्येक वर्षांत ऐकू आला नव्हता. मुलांनी ते पुन्हा केलं, पुन्हा केलं. चौथ्या-पाचव्या खेपेला एकजण म्हणाला, "बाई, आता पहिल्यासारखं काळं येत नाही, आणि दवाखान्यासारखा वास येतोय." बरोबर होतं. तापवताना थोडं आयोडीन वाफ होऊन उडून जातं, म्हणून दर फेरीला रंग किंचित फिका.

म्हणजे ज्या नळीत लाळेचा थेंबही नव्हता, तिथेही रंग "पचला" होता. तिसऱ्या गटाच्या नळीतला स्टार्च कुठेही गेला नव्हता. फक्त तो आहे हे सांगणारी खूण गरम पाण्यात गप्प बसली होती.

असं का होतं, हे मुलांना सांगताना मी जिन्याचा आधार घेतला. स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. एक फांद्या फुटलेला, अमायलोपेक्टिन. दुसरा बिनफांद्यांचा, लांब, अमायलोज. हा अमायलोज गोल जिन्यासारखा पिळलेला असतो, एका फेऱ्यात साधारण सहा ग्लुकोज. आयोडीनचे रेणू जिन्याच्या मधल्या पोकळीत ओळीने जाऊन बसतात, आणि त्या बसण्यामुळे निळा रंग दिसतो. आयोडीन एकटं असताना निळं नसतं, स्टार्चही नसतो. पाणी तापवलं की जिना सैल होतो, आयोडीन बाहेर पडतं, रंग जातो. गार झालं की पुन्हा पीळ बसतो, आयोडीन पुन्हा आत. हा रंग माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. आयोडीन 1811 मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वाला समुद्रशेवाळाच्या राखेत सापडलं आणि 1814 मध्ये स्टार्चबरोबरचा त्याचा निळा रंग नोंदला गेला.

आता लाळेचं बघा. त्याच उकळत्या पाण्यात लाळेतल्या अमायलेजचंही काहीतरी झालं होतं. पण ते गार केल्यावर परत आलं नाही. हे तपासायला आम्ही उकळलेली लाळ पूर्ण गार केली, मग 37 अंशांच्या पाण्यात स्टार्चबरोबर पूर्ण तासभर ठेवली. निळीच्या निळीच. त्याच लाळेचा न उकळलेला भाग शेजारच्या नळीत दहा मिनिटांच्या आत काम उरकून मोकळा.

मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे. एकाच नळीत, एकाच उष्णतेने दोन गोष्टी बिघडवल्या. स्टार्च आणि आयोडीनची जोडी मोडली, ती गारव्याने पुन्हा जुळली. विकर मोडलं, ते मोडलंच. अमायलेज हे प्रथिन आहे. प्रथिनाची लांब साखळी विशिष्ट घड्या घालून बसलेली असते आणि त्या घड्यांमध्ये एक खोबण तयार होते. स्टार्चची साखळी त्या खोबणीत बसते आणि पाण्याच्या रेणूच्या मदतीने कापली जाते. उकळल्यावर घड्या उलगडतात, साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि मग गार केलं तरी त्या जुन्या घड्यांकडे परतत नाहीत. उकडलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवून कच्चं होत नाही, हे मुलांना वेगळं सांगावं लागलं नाही.

विकर म्हणजे प्रथिन, हे आज आपण सहज म्हणून जातो, पण ते ठरायला बराच काळ गेला. 1833 मध्ये पाएन आणि पेरसो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवापासून स्टार्च विरघळवणारा पदार्थ वेगळा केला आणि उकळल्यावर त्याची ताकद जाते हेही पाहिलं. म्हणजे आमची तिसरी नळी त्यांनी तेव्हाच केली होती म्हणायची. तो पदार्थ नेमका कशाचा बनलेला आहे हा वाद मात्र विसाव्या शतकापर्यंत चालला. 1926 मध्ये अमेरिकेत जेम्स समनर यांनी जॅकबीनच्या बियांतून, आपल्या अबईच्या जातकुळीतल्या वेलाच्या बियांतून, युरिएज हे विकर स्फटिकरूपात मिळवलं आणि ते प्रथिन असल्याचं दाखवलं. त्यावरही पुढे बरीच वर्षं अनेकांचा विश्वास बसला नाही. 1946 मध्ये समनर नोबेलचे मानकरी झाले.

बर्फातल्या नळीचं आता वेगळं महत्त्व आलं. आदल्या दिवशी तिच्याखाली सगळ्यांनी लिहिलं होतं, "थंडीत विकर नष्ट होते." मीही त्यावर बरोबरची खूण केली होती, कारण नळी निळी होती आणि निळी यायलाच हवी होती! बरोबर निकालाला चुकीचं कारण लागलं तर आपल्याला दिसतच नाही. एका मुलाने बर्फातली नळी स्वेटरच्या आत, काखेत धरली. पंधरा मिनिटांनी रंग तांबूस झाला, मग पिवळट. विकर मेलं नव्हतं, गारठलं होतं. थंडीत रेणूंची धावपळ मंदावते, स्टार्च आणि विकराची गाठ कमी वेळा पडते, एवढंच. मधला तो तांबूस रंगही बघण्यासारखा असतो. साखळीचे मोठे तुकडे झाले की जिन्याचे फेरे कमी पडतात आणि आयोडीन निळ्याऐवजी तांबूस दिसतं. तुकडे आणखी लहान झाले की रंगच नाही.

तिसऱ्या गटाच्या जिवंत लाळेच्या नळीत निळसर झाक का उरली होती, हेही आता सुटलं. त्यांचं कोमट पाणी बदलायचं राहिलं होतं. डिसेंबरच्या त्या खोलीत भांड्यातलं पाणी काही मिनिटांत गार पडलं आणि विकराचा वेग उतरला. म्हणजे त्यांच्या खऱ्या नळीला थंडीने मागे ओढलं आणि खोट्या नळीला उष्णतेने पुढे ढकललं. दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या, म्हणून निष्कर्ष इतका ठाम दिसत होता.

तरी एका मुलाने खोडा घातलाच. "बाई, निळा रंग गेला म्हणजे स्टार्च गेला असं नसतं, हे कळलं. मग दुसऱ्या नळीत तरी गेला कशावरून?" या प्रश्नाला उत्तर म्हणून कपाटातून बेनेडिक्ट द्रावणाची बाटली निघाली. हे निळं द्रावण माल्टोज किंवा ग्लुकोजसारख्या साखरेबरोबर तापवलं की हिरवं, पिवळं, नारिंगी होत विटकरीकडे जातं. स्टार्चला ते दाद देत नाही. जिवंत लाळेची नळी नारिंगी झाली. उकळलेल्या लाळेची निळीच राहिली. आता एका गोष्टीचं जाणं आणि दुसरीचं येणं, असे दोन साक्षीदार झाले, आणि दोघांची जबानी जुळली.

आता पाचव्या गटाचं लिंबू. त्यांचा हेतू चांगला होता. जठरात आम्ल असतं, तिथे लाळेचं विकर थांबतं असं पुस्तकात आहे, तर बघू या म्हणून त्यांनी लाळ आणि स्टार्चमध्ये लिंबू पिळलं. आयोडीन टाकताच रंग गायब. निष्कर्ष : "आम्लात विकर अधिक वेगाने चालते." त्यावरही माझी फुली होती, फक्त तिथे "पुस्तक पाहा" लिहायला वेळ मिळाला नव्हता.

इथे गुन्हेगार वेगळा होता. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनशी थेट क्रिया करतं आणि त्याचं आयोडाइड बनवतं. आयोडाइडला रंग नाही आणि ते एकटं जिन्यात बसून निळं होत नाही. आम्ही त्याच नळीत थेंबाथेंबाने आयोडीन वाढवत गेलो. थेंब पडे, निळा डाग उमटे आणि हलवलं की नाहीसा होई. असं बरंच चाललं, आणि मग एका थेंबाला निळा रंग राहिला तो राहिलाच. क जीवनसत्त्व संपलं होतं, स्टार्च तसाच होता. (फळांच्या रसातलं क जीवनसत्त्व मोजायची पद्धतही नेमकी हीच. चुकून एक चांगला प्रयोग हाती लागला.) इथे बेनेडिक्टही उपयोगाचं नाही, कारण लिंबात स्वतःची साखर असते आणि क जीवनसत्त्वही बेनेडिक्टचा रंग बदलतं. दोन्ही साक्षीदार लिंबाने फितवलेले. शेवटी लिंबाऐवजी पांढरं व्हिनेगर घेतलं. त्यातलं आम्ल आयोडीनच्या वाटेला जात नाही. नळी निळी राहिली : लाळेचं विकर आम्लात थांबलं होतं.

घासाबरोबर जठरात गेलेलं अमायलेज मात्र क्षणात थांबत नाही. घासाच्या आतपर्यंत आम्ल मुरायला वेळ लागतो, तोवर आत त्याचं काम चालू असतं. उरलेला स्टार्च पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेलं अमायलेज तोडतं, आणि आतड्याच्या अस्तरावरची विकरं माल्टोजचं ग्लुकोज करतात. मग ते रक्तात आणि रक्तातून पेशीत. सकाळी खाल्लेली भाकरी दुपारी कबड्डीला उपयोगी पडते ती या मार्गाने.

विकर नसतं तर? याचं एक उत्तर इतिहासातच आहे. आयोडीन सापडलं त्याच 1811 मध्ये रशियात किर्चहॉफ यांनी स्टार्च विरल गंधकाम्लात उकळून त्याची साखर बनवली होती. म्हणजे हे काम विकराशिवाय होतं, पण त्याला आम्ल लागतं, उकळतं पाणी लागतं आणि तासन् तास लागतात. आपलं तोंड हेच काम अंगाच्या उबेवर काही मिनिटांत करतं. शरीर उकळू शकत नाही, म्हणून त्याला विकरं लागतात. पाठ्यपुस्तकात "विकरे अभिक्रियेचा वेग वाढवतात" एवढंच छापलेलं असतं. त्या वाक्याचं वजन मुलांना या तुलनेने कळलं.

एक धागा सुटाच राहिला. वर्गात एका मुलाची नळी दर वेळी सगळ्यांच्या मागे असे. पाणी त्याच तापमानाचं, स्टार्च तोच, चूळही नीट भरलेली. त्याला वाटलं आपल्यात काही कमी आहे. तसं नसतं. लाळेतलं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती माणसामाणसांत कमी-जास्त असतात, आणि साधारणपणे जास्त प्रती असलेल्यांच्या लाळेत अमायलेज जास्त. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की पिढ्यान्पिढ्या स्टार्चयुक्त अन्नावर जगलेल्या समाजांत या प्रती सरासरीने जास्त असतात. पण एका मुलाच्या एका नळीवरून त्याच्या जनुकांचं काही ठरवता येत नाही. त्या दिवशी त्याने पाणी जास्त घोळवलं असेल, लाळ पातळ झाली असेल. त्याला मी दोन्ही शक्यता सांगितल्या. त्याला पहिली जास्त आवडली.

प्रयोगवहीतली ती पानं मी फाडू दिली नाहीत. फुलीही तशीच आहे. खाली तिसऱ्या गटाने तारीख टाकून लिहिलं : "आम्ही आयोडीन गरम नळीत टाकले होते. निळा रंग दिसला नाही, पण स्टार्च होता." कृतीच्या यादीत आता माझ्या अक्षरात एक ओळ वाढली आहे : थेंबभर द्रावण बाहेर काढून पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर गार होऊ द्या, आयोडीन तिथे टाका.

नळी घेऊन दारात आलेली मुलगी आठवड्याने पुन्हा आली. "बाई, मग ताप आल्यावर तोंडातलं विकर उकडतं का?" तापाचे 104 अंश हे फॅरनहाइटचे, म्हणजे सेल्सिअसमध्ये 40. त्या शनिवारी तिच्या गटाने स्वतःच पाच नळ्या मांडल्या. लाळ आधी अर्धा तास 37, 40, 50, 60 आणि 70 अंशांच्या पाण्यात ठेवायची, मग कोमट करून स्टार्च घालायचा. 40 ची नळी 37 च्या नळीइतक्याच वेळात साफ झाली, म्हणजे तापाला घाबरायचं कारण नव्हतं. 70 ची निळीच राहिली, गार केल्यावरही. 60 च्या नळीत एक मळकट जांभळट रंग आला. तो निळा म्हणायचा की तांबूस, यावर गटात दोन तट पडले आहेत, आणि येत्या शनिवारी 55 आणि 65 च्या नळ्या लागणार आहेत.